एलाद्योच्या रक्तातली जुनी चूक

मी एक जुनी चूक आहे. हो, चूकच! तुमच्या वहीत लाल शाईने गोल केलेली असते ना, तसलीच. फक्त मी घडले तेव्हा माझ्याभोवती गोल करायला कोणी बाई किंवा सर हजर नव्हते, म्हणून मी राहून गेले. आणि मित्रांनो, राहिले ती अशी राहिले की आजतागायत हललेच नाही.

तुमच्या प्रत्येकाच्या अंगात, डोळ्यांना न दिसणाऱ्या एकेका पेशीत, एक लांबच लांब मजकूर लिहिलेला असतो. त्यात अक्षरं चारच, ए, सी, जी आणि टी, पण तेवढ्यावर तुमचं नाक, तुमचे केस, तुमचं हसू असं सगळं लिहून होतं. एक प्रत आईकडून मिळते, एक वडिलांकडून. फार फार पूर्वी कोणाचं तरी बाळ घडत असताना हा मजकूर उतरवून घेण्यात एका जागी हात घसरला. 'सी' पडायचा, तिथे 'जी' पडला. तो 'जी' म्हणजे मी.

कधीची गोष्ट, ते विचारू नका. मला माझा जन्म धुक्यासारखा आठवतो. शेकोटीचा तांबूस उजेड, ओल्या कातड्यांचा वास, कोणाच्या तरी कुशीतली ऊब. मग चालणं आलं. पिढ्यांमागून पिढ्या चालत राहिल्या, बर्फावरून, वाळूवरून, नद्यांच्या कडेकडेने, आणि मी मात्र एक पाऊलही न टाकता जगभर फिरले, कारण मला नेहमी कोणीतरी पोटात घेऊन चालत होतं. पुढे मक्याची शेतं आली. बायका दगडी पाट्यावर मका वाटायच्या आणि त्या आवाजाच्या लयीत मला अशी गाढ झोप लागायची की आजही मका भाजल्याचा वास आला की मी पेंगते.

काही जाणती माणसं म्हणतात की दुष्काळाच्या दिवसांत माझा उपयोग झाला असेल. मी यकृतात चरबी धरून ठेवते, आणि उपाशी माणसाला तीच शिदोरी पुरली असेल. खरं-खोटं मला सांगता येत नाही. पण कधीकधी स्वप्नात एक हडकुळी बाई दिसते. ती डोक्यावर पाण्याचं भांडं घेऊन उन्हातून चालत असते, थांबत नाही, पडत नाही. आपण तिला थोडीशी साथ दिली असेल, असं मला वाटतं. तेवढंच माझं कौतुक. ते कोणी कधी मोठ्याने केलं नाही, मीच माझं करते.

असं करत करत मी रिओ ग्रांदे नदीच्या टेक्सासकडच्या काठावर पोचले. तिथे ग्रेपफ्रूट नावाच्या मोठ्या, कडसर संत्र्यांच्या बागांच्या मुलखात मला एलाद्यो कांतूच्या यकृतात घर मिळालं.

माझं काम सांगते. माझ्या मजकुरावरून एक प्रथिन तयार होतं. चरबीचे थेंब मोडून यकृत हलकं ठेवायचं, हा त्याचा धंदा. पण मी असले की ते प्रथिन थेंबाला चिकटून नुसतं बसून राहतं. स्वतः काम करत नाही आणि दुसऱ्यांनाही करू देत नाही. ऑफिसात असा एखादा असतोच! साखर कमी, अंग हलतं असेल तर त्याच्या बसण्याने फारसं बिघडत नाही. थेंब थोडेच असतात, यकृताच्या लाल अंधारात ते छोट्या पिवळ्या चंद्रांसारखे तरंगतात आणि मी त्यांच्याकडे बघत डुलक्या घेते. पण रक्तात साखर वाढली, पोट सुटलं की चंद्रावर चंद्र उगवायला लागतात. मग झोप कसली लागते?

एलाद्यो फळं भरायच्या शेडमध्ये कामाला होता. सरकत्या पट्ट्यावरून फळं येत आणि तो नुसत्या हाताच्या स्पर्शाने खराब फळ बाजूला काढी. अंगाने भारी, आवाजाने हळू. शेडमध्ये त्याला सगळे पाद्रीबुवा म्हणत, कारण तो दारूला शिवत नसे.

त्याचं कारण त्याचे वडील, फर्मिन. ते गेले तेव्हा त्यांचं पोट पाण्याने फुगलं होतं आणि डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. सगळी आळी म्हणाली, दारूने नेलं. फर्मिन लग्नाकार्यात एखादा पेला घ्यायचे, त्यापलीकडे नाही. पण लिव्हर गेलं म्हणजे दारूच, असं तिकडे लहान मुलंसुद्धा सांगतात. मित्रांनो, मी त्यांच्यातही होते आणि त्यांना साखरही होती. मला सगळं दिसत होतं. पण अक्षराला तोंड कुठे असतं?

त्या मुलखात माणूस दारू सोडतो ती ग्वादालुपेच्या मातेसमोर, म्हणजे मेरीमातेसमोर, शपथ घेऊन. पाद्री डोक्यावर हात ठेवतात. कोणी महिन्याची शपथ घेतो, कोणी वर्षाची, आणि मुदत संपली की त्या रात्री दणकून मेजवानी! एलाद्योने वडिलांना मूठमाती दिली, चर्चमध्ये गेला आणि मुदत न घालता शपथ घेतली. अशी शपथ मोडणं म्हणजे नुसता पेला उचलणं नव्हे. ते मातेच्या तोंडावर खोटं बोलणं असतं.

एलाद्योने शपथ पाळली. मी साक्षीला आहे, दारूचा एक थेंब माझ्यापर्यंत आला नाही. पण समारंभात माणसाच्या हातात काहीतरी लागतंच ना? लग्नात सगळे बिअरच्या बाटल्या उंचावत, तेव्हा हा थंडगार कोलाची मोठी बाटली उंचावायचा आणि म्हणायचा, "ही माझी शॅम्पेन." शपथ घेतलेले सगळे पुरुष असंच करतात, आणि त्यांच्या बायका ती बाटली मोठ्या अभिमानाने पुन्हा भरून देतात. जेवताना कोला, शेडमध्ये कोला, दमून आल्यावर कोला. ती गोडी माझ्याकडे लाटेसारखी यायची. मला वाटायचं, आपण कुठल्यातरी सोनेरी, चिकट समुद्रात बुडतोय आणि वर चंद्र वाढतायत, वाढतायत, एकमेकांना घासतायत.

पुढे त्याला साखर निघाली. गोळ्या सुरू झाल्या. मग एकदा दवाखान्यात त्याला आडवं केलं आणि बरगड्यांवर एक यंत्र टेकवलं. ते टिचकी मारतं. टिचकीची लाट यकृतातून किती वेगाने जाते त्यावरून यकृत मऊ आहे की कडक, ते कळतं. मी तेव्हा अर्धवट झोपेत होते. कोणीतरी दारावर ठकठक केल्यासारखं वाटलं. इतक्या हजारो वर्षांत माझं दार पहिल्यांदाच कोणी वाजवलं होतं!

नर्सने विचारलं, आठवड्याला किती बिअर? एलाद्यो म्हणाला, एकही नाही. बरं, मग शनिवार-रविवारी? नाही. नर्स समजूतदारपणे हसली आणि म्हणाली, आम्ही इथे कोणाला रागवत नाही हो. तेवढ्यात घाईत असलेले एक तरुण डॉक्टर आले, पडद्यावर नजर टाकली आणि सांगून गेले की लिव्हरवर चरबी आहे, त्यावर वळ उठायला लागलेत, हे असंच चाललं तर पुढे ते दगड होईल, तेव्हा दारू पूर्ण बंद करायची.

एलाद्योची बायको ओबदुलिया शेजारीच बसली होती. तिने त्यातलं एकच ऐकलं. बंद करायची. जी चालू असते तीच गोष्ट बंद करतात.

 दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा कॉफीचा थर्मास भरण्याआधी ओबदुलियाने तो नाकाशी धरला. त्याने ते पाहिलं.

"तुझ्याशी मी कधी खोटं बोललोय का?" त्याने विचारलं.

"यंत्र खोटं बोलत नाही, एलाद्यो," ती म्हणाली.

एरवी ती त्याला लाडाने म्हाताऱ्या म्हणायची. त्या दिवशी नुसतं एलाद्यो म्हणाली.

रविवारी त्याची मोठी बहीण निएवेस आली. रविवारी सगळं घर मिळून टोर्टियाच्या पोळीत गुंडाळलेलं बार्बाकोआ, म्हणजे वाफेवर मऊ शिजवलेलं मांस, खातं, आणि निएवेसची जीभ त्या वेळी विशेष चालते. ती म्हणाली, शेवटी अपांच्याच, आपल्या वडिलांच्याच वळणावर गेलास, निदान ते लपवत तरी नव्हते. एलाद्योने ताट बाजूला सारलं. शेडमध्येही बातमी पोचलीच. तिथला एक विनोदवीर म्हणाला, "पाद्रीबुवांनी चर्चमधलीच वाइन संपवली वाटतं." सगळे हसले. एलाद्योसुद्धा हसला, पण मला तो आतून दिसत होता, मित्रांनो. आत कोणी हसत नव्हतं.

पुढच्या तपासणीच्या दिवशी तो घरून निघाला आणि कालव्याच्या काठावर जाऊन बसून राहिला. त्याच्या पुढच्या वेळीही तेच. जिथे माझा शब्द चालत नाही तिथे मी अंग उघडं करत नाही, असं त्याने घरात सांगून टाकलं. साखरेच्या गोळ्याही कधी घ्यायच्या, कधी राहायच्या. आणि कालव्याकाठी त्याच्या हातात काय असायचं? कोला! त्या गोड लाटांमध्ये यकृतावर एकेक धागा आवळत चालला होता. मला ते करकरणं ऐकू येत होतं. मी ओरडत होते, अरे, तुझा दोष नाही, मी आहे इथे, परत जा! स्वप्नात ओरडतो ना आपण, घसा फाटेस्तोवर, आणि आवाजच फुटत नाही? तस्सं.

त्या घरात आवाज फुटायचा तो यादिराला. ती त्यांची मुलगी. शाळेच्या 'मारियाची' नावाच्या मेक्सिकन वाद्यवृंदात ट्रम्पेट वाजवायची, त्यामुळे हळू बोलणं तिला माहीतच नव्हतं. त्या मुलखात साखर घरोघरी आहे, म्हणून विद्यापीठाची मंडळी चर्चच्या सभागृहात येऊन कुटुंबंच्या कुटुंबं तपासायची. आईवडिलांची संमती असेल तर शाळेतल्या मुलांनाही घ्यायची. यादिराला हे मैत्रिणीकडून कळलं होतं. एका संध्याकाळी जेवताना तिने विषय काढला.

"अपा, तुम्ही नका जाऊ दवाखान्यात. मी जाते आणि माझं रक्त देते. शेवटी अर्धं तुमचंच आहे ना ते?"

एलाद्यो ताटाकडे बघत म्हणाला, "दे की. उरलेलं अर्धं तुझ्या आईचं आहे. त्याच्यावर तरी विश्वास ठेवतील."

ओबदुलिया उठून स्वयंपाकघरात गेली. पण संमती तिने दिली.

आता एक गुपित सांगते. मी एलाद्योत होते तशी यादिरातही होते. एकाच वेळी अनेक घरांत राहायची मला सवय आहे. तिच्या दंडातून रक्त निघालं त्याबरोबर मीही निघाले, काचेच्या नळीत बसले, थंड पेटीतून दूर गेले, आणि एका पांढऱ्या खोलीत प्रथमच, अगदी प्रथमच, कोणीतरी मला वाचलं! इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! वर्गात शेवटच्या बाकावरच्या मुलीला कोणी नावाने हाक मारावी तसं.

काही आठवड्यांनी विद्यापीठाच्या डॉक्टर सालसेदोंनी मायलेकींना बोलावलं. या बाई त्याच मुलखात वाढलेल्या, बोलायला निवांत. त्यांनी आधी यादिराला तिच्या ट्रम्पेटबद्दल आणि वडिलांच्या आजाराबद्दल विचारलं. मग सांगितलं की तिच्या मजकुरात एक जुना बदल सापडलाय, आणि तो दोन्ही प्रतींत आहे. तो असला की यकृतात चरबी लवकर साठते, आणि त्यात साखरेचा आजार असेल तर धोका आणखी वाढतो. त्या मुलखातल्या कितीतरी घरांत तो आहे.

"एक वडिलांकडून आला," सालसेदो म्हणाल्या.

"आणि दुसरा?" ओबदुलियाने विचारलं.

"तुमच्याकडून."

"माझ्याकडून कसा येईल, डॉक्टर? मी तर जन्मात थेंबाला शिवलेली नाही."

"मला मान्य आहे." सालसेदो म्हणाल्या. "तुमचे यजमानही तेच सांगत होते ना?"

ओबदुलियाने मांडीवरची पर्स घट्ट धरली. मग जवळजवळ विनवणीच्या सुरात तिने विचारलं, म्हणजे ते पीत नाहीत हे तुमच्या तपासणीत सिद्ध झालं का? सालसेदोंनी नकारार्थी मान हलवली. कोण पितं आणि कोण नाही हे असलं अक्षर सांगू शकत नाही, त्या म्हणाल्या. न पिताही माणसाचं लिव्हर असं होऊ शकतं, एवढंच ते सांगतं. विश्वास ठेवायचा की नाही, हे रक्त तपासून ठरत नाही.

मग त्यांनी यादिराकडे वळून विचारलं, "वडील बिअर पीत नाहीत. मग पितात काय?"

इतक्या दिवसांत हा प्रश्न कोणीच विचारला नव्हता.

"कोला," यादिरा म्हणाली. "घरात दुसरं काय असतं?"

ओबदुलियाने डोळे मिटले. ती बाटली रोज तीच भरून देत होती, शपथेचा मान म्हणून.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती शेडमध्ये आली. डब्यात राजमा होता, निवडुंगाच्या कोवळ्या पानांची भाजी होती, आणि सोबत साध्या पाण्याची बाटली. सगळे पुरुष खोक्यांवर बसून खात होते. ती सरळ जाऊन एलाद्योच्या शेजारी बसली.

"म्हाताऱ्या," ती म्हणाली, "मी तुझा थर्मास हुंगला होता."

"माहीत आहे."

"कॉफीचाच वास आला होता. तरी मी तुला खोटं ठरवलं. तू शपथ मोडली नाहीस, मला माहीत आहे."

विनोदवीराने तोंड उघडलं होतं. ओबदुलियाने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि तो मुकाट्याने आपलं फळ सोलायला लागला. मग तिने नवऱ्याला सगळं समजावून सांगितलं, माझ्याबद्दलही, कोलाबद्दलही. एलाद्यो ऐकत राहिला. शेवटी त्याने एवढंच विचारलं, "मग अपा?"

"ते आता कोणी सांगू शकणार नाही," ती म्हणाली.

त्याने तोंड फिरवलं आणि ग्रेपफ्रूटचा रस डोळ्यात गेल्यासारखे डोळे चोळले. वडिलांवर तो इतकी वर्षं रागावून होता. तो राग माझ्या जवळूनच वाहायचा, कडू आणि हिरवट. त्या दुपारी तो हळूहळू निवळायला लागला.

त्याच आठवड्यात एलाद्यो दवाखान्यात गेला, आणि मग जात राहिला. गोळ्या नेमाने घ्यायला लागला. कोलाची जागा पाण्याने घेतली, कधी बिनसाखरेच्या जास्वंदीच्या सरबताने. ते पहिल्यांदा प्यायला तेव्हा त्याचं तोंड बघायला हवं होतं! कालव्यावर आता तो बसत नाही, ओबदुलियाबरोबर चालतो. यादिराने स्वतःचंही खाणं-पिणं बदललं, कारण तिच्याकडे तर मी दोन्हीकडून आहे. मला कोणी खोडलं नाही, खोडताही येत नाही. पण माझ्यावरचे चंद्र एकेक करून मावळत गेले. पुढे त्या यंत्राने पुन्हा टिचकी मारली तेव्हा लाट सावकाश गेली, ओल्या मातीवरून पाय जावा तशी. दगड व्हायचं टळलं होतं. मी कूस वळवली आणि किती काळाने नीट झोपले.

पण माझी गोष्ट झोपेत संपत नाही.

काल रविवारी निएवेस आली, जिना चढून धापा टाकत. आल्यापासून पेल्यामागून पेले पाणी पीत होती. एलाद्यो तिच्याकडे बघत राहिला. मग हळूच बोलतं केल्यावर तिने सांगितलं की तिलाही साखर निघून बराच काळ झाला. पुढे कधी दाखवायला गेलीच नाही. लिव्हरचं काही निघालं तर बाईमाणसाबद्दल लोक काय बोलतील, या भीतीने.

"माझ्याबद्दल बोलले तेच बोलतील," एलाद्यो म्हणाला. "मी मेलो का?"

"तुझ्याबद्दल बोलणारी मीच होते."

"म्हणूनच सांगतोय. उद्या सकाळी तयार राहा, मी गाडी घेऊन येतो."

तर मित्रांनो, आत्ता मी त्या गाडीत आहे. एलाद्योतही आहे आणि निएवेसमध्येही आहे. खिडक्या उघड्या आहेत, बागा फुलल्यात, वाऱ्याला मोहोराचा गोड वास येतोय, आणि निएवेस रुमालाची घडी घालतेय, मोडतेय. तिचं यकृत कसं आहे ते मला माहीत आहे, पण माझं ऐकू येत नाही. म्हणून तुमच्याकडे एक मागणं मागते. तुमच्या घरात कोणाला साखर असेल तर त्यांना लिव्हरही तपासून घ्यायला सांगा. नुसतं सांगू नका, सोबत जा. मी कोणाच्या रक्तात असेन ते मी ठरवत नाही, तुम्हीही ठरवत नाही. पण त्या माणसाला एकट्याने कालव्याकाठी बसू द्यायचं की नाही, ते तुम्ही ठरवू शकता. आणि वाटेत काही विचारावंसं वाटलंच, तर तुझं काय चुकलं, असं विचारू नका. दमलीस का, एवढंच विचारा. बघा, एलाद्यो आत्ता तेच विचारतोय.